चूक वैमानिकाची की दांड्याची?

बिजासन टेकडीवरून इंदूरच्या विमानतळावर उतरणारी एटीआर-७२ जातीची टर्बोप्रॉप विमाने आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. या विमानात दोन वैमानिकांच्या मध्ये दांडे शेजारी शेजारी असतात. डावीकडे इंजिनांची शक्ती कमीजास्त करणारे, मध्ये पंख्यांच्या पात्यांचे आणि उजवीकडे फ्लॅपचा. घाईत हात भलत्याच दांड्यावर पडला तर? या प्रश्नाला ज्यांनी शास्त्राचे रूप दिले त्यांत पॉल फिट्स यांचे नाव अग्रभागी आहे.

फिट्स यांचा जन्म १९१२ साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात झाला. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविल्यावर, महायुद्ध संपता संपता, ते राईट फील्ड येथील हवाई-वैद्यक प्रयोगशाळेत मानसशास्त्र शाखेचे प्रमुख झाले. त्या काळी अपघाताच्या कागदावर वैमानिकाची चूक असा शेरा पडला की चौकशी बहुधा तेथेच थांबे. फिट्स यांना खरा प्रश्न तेथून पुढे दिसला. जोन्स या सहकाऱ्यासह त्यांनी वैमानिकांकडून अशा ४६० प्रसंगांच्या हकिकती गोळा केल्या व १९४७ साली अहवाल दिला. सुमारे निम्म्या चुका एकाच जातीच्या निघाल्या: एक दांडा समजून दुसराच ओढणे. एका विमानात जो दांडा डावीकडे तोच दुसऱ्या विमानात मध्ये. मग सवयीचा हातच वैरी होई. परक्या स्वयंपाकघरात सारख्या डब्यांतून साखर म्हणून मीठ घेतलेल्यास हे वेगळे सांगावयास नको!

याच प्रयोगशाळेत काम केलेल्या चपानिस यांनी बी-१७ विमानातील घोटाळ्यावर साधा तोडगा काढला होता. चाकांच्या नियंत्रकाच्या टोकाला छोटे रबरी चाक, फ्लॅपच्या टोकाला पाचरीसारखा तुकडा. न पाहताही हाताला ओळख पटावी. पुढे मोठ्या विमानांतील मुठींचे आकार नियमांतच ठरवून देण्यात आले.

१९५४ साली फिट्स यांनी लक्ष्याचे अंतर व रुंदी यांवरून हाताला तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल याचा नियम मांडला. संगणकाच्या माऊसची पारख पुढे याच नियमाने झाली. १९६५ साली, अवघ्या ५२ व्या वर्षी, ते वारले.

१५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळात पोखरा येथे उतरणाऱ्या एटीआर-७२ विमानात फ्लॅप मागितले गेले आणि, चौकशी अहवालाच्या मते बहुधा, शेजारचे पात्यांचे दांडे मागे ओढले गेले. पाती वाऱ्याला समांतर वळली, पंख्यांची ओढ नाहीशी झाली. पाच भारतीयांसह ७२ माणसे दगावली. मुठींचे आकार त्या विमानातही वेगळेच होते. पण दांडे शेजारी होते, आणि फ्लॅपसाठीही दांडा मागेच ओढावयाचा असतो.