कै. जे. आर. डी. टाटा व एक जुने विमान

अंधेरीच्या दक्षिणेस, विलेपार्ल्याच्या पश्चिमेकडे, जुहूचे विमानतळ आहे. सन 1928 मध्ये स्थापन झालेल्या ह्या लहानशा तळाशी ज्यांचे नाव कायमचे जडले, त्या कै. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा ह्यांचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी व माता फ्रेंच. बालपणीच्या सुट्ट्या फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर जात. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ हे तेथे त्यांचे शेजारी होते. वाळूवर उतरणारी विमाने पाहून त्या बालकाच्या मनाने जो ध्यास घेतला, तो अखेरपर्यंत सुटला नाही. 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांस मिळाला.

पुढल्याच वर्षी भारत व इंग्लंड ह्यांमधील एकट्याने उड्डाण करण्याच्या स्पर्धेत ते उतरले. वाटेत ईजिप्तमध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनियर हे इंजिनाच्या प्लगवाचून अडकलेले आढळले. टाटांनी जवळचा जादा प्लग त्यांस देऊन टाकला. स्पर्धा अस्पींनी जिंकली. परंतु अशा पराभवाची थोरवी कोणत्या विजयास येईल?

15 ऑक्टोबर 1932 रोजी 'पस मॉथ' नामक एका इंजिनाच्या विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून निघाले व अहमदाबादेस थांबून जुहूस उतरले. विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने निरुपयोगी होई, तेव्हा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. ह्या बीजातूनच एअर-इंडियाचा वृक्ष वाढला. सन 1953 मध्ये ती संस्था सरकारी झाली, तरी 1978 पर्यंत तिचे अध्यक्षपद त्यांजकडेच होते. प्रवाशांस मिळणाऱ्या चहापर्यंत बारीकसारीक गोष्टींवर त्यांची नजर असे.

त्या पहिल्या उड्डाणास 50 वर्षे झाली, तेव्हा तोच मार्ग पुन्हा एकट्याने आक्रमण्याचा निश्चय त्यांनी केला. वय 78. विमान निवडले 'पस मॉथ'चे धाकटे भावंड 'लेपर्ड मॉथ', तेही जुन्या काळचे. अशा विमानाचा सांगाडा लाकडाचा असून पंखांवर कापड ताणलेले असते. ते उड्डाणास योग्य राखावयाचे तर केवळ रंग देऊन भागत नाही. जीर्ण कापड सोलून काढावे लागते. कोठे सांध्याचा सरस सुटला आहे काय, कोठे फासळी कुजली आहे काय, हे एकेक तपासावे लागते. नंतरच नवे कापड ताणून त्यावर रोगणाचे थर चढवितात. बाहेरून झळकणाऱ्या पंखाचा आतला एक सांधा जरी कच्चा राहिला, तरी त्याची किंमत वैमानिकास प्राणांनी द्यावी लागते. निराश होत चाललेल्या तरुणांस उमेद यावी, हा हेतू धरून त्यांनी हे साहस केले, आणि 15 ऑक्टोबर 1982 रोजी ते जुहूस सुखरूप उतरले.

सन 1992 मध्ये त्यांस 'भारतरत्न' हा सन्मान लाभला. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, सुट्टीत तुम्ही लाकडाची व कागदाची लहान विमाने करिता. एखाद्याचा पंख मोडला, तर ते केरात टाकू नका. जुना रंग खरवडा, सांधे उकला, कच्चे ते काढून पक्के बसवा. आमच्या मते मनुष्याच्या स्वभावाचीही डागडुजी ह्याच रीतीने होते. ती आतून करावी लागते, आणि तीस वयाची मर्यादा नाही.