कोन न मोजताच उत्तर! भास्कराचार्यांनी हे कसं केलं?

दोन लघुकोन आहेत. एकाचा साइन ३/५, दुसऱ्याचा ५/१३. मग त्यांच्या बेरजेचा साइन किती? परभणी जिल्ह्यातलं पोखर्णी असो की पुणे, बारावीच्या पोरांना असं गणित भेटतंच. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. भास्कराचार्यांकडेही नव्हता.

त्यांचा जन्म १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जलविड, गुरू म्हणजे वडील महेश्वर. ३६व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातली ‘लीलावती’ सगळ्यांना ठाऊक असते, ‘ज्योत्पत्ती’ मात्र मागे पडते.

ज्या म्हणजे साइन गुणिले त्रिज्या. ग्रहणाचं गणित तिच्याशिवाय अडायचं. जुन्या कोष्टकांत दर पावणेचार अंशांना एक ज्या असे, मधल्या कोनांसाठी अंदाज. भास्कराचार्यांनी नियमच दिला: प्रत्येक ज्येला दुसऱ्या कोनाच्या कोटिज्येनं, म्हणजे कोसाइननं गुणा, बेरीज करा, त्रिज्येनं भागा. कोटिज्या कुठून आणायची? त्रिज्येच्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढायचं.

त्रिज्या १ धरली, तर वरच्या गणितात कोसाइन येतात ४/५ आणि १२/१३. मग ३६/६५ अधिक २०/६५, म्हणजे ५६/६५. कोन किती अंशांचे होते, हे विचारावंच लागलं नाही!

६९व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पुढे नातू चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला मिळालेल्या १२०७ च्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. मठासाठी कुणी काय द्यायचं, हे त्यात चक्क मराठीत कोरलंय. तेलाच्या घाण्यांनाही त्यातून सूट नव्हती.