केंब्रिजची शिष्यवृत्ती आणि परतीचं तिकीट

साक्री तालुक्यातल्या घरांत उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी नवी नाही. मटकी रात्रभर भिजवायची, चवळी मऊ होईपर्यंत शिजवायची, ही रीत आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे आली. कच्च्या कडधान्यात असं काय असतं, की ते शिजवल्याशिवाय अंगी लागत नाही? या प्रश्नामागे आयुष्यातली कित्येक वर्षं घालवलेल्या एक मराठी शास्त्रज्ञ होत्या. शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला जावं का, गेल्यावर तिथंच राहावं का, हे दोन्ही निर्णय त्यांनी घेतले, तेव्हा मुलींना प्रयोगशाळेचं दारही सहज उघडत नव्हतं. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या, सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. त्यामुळे पुढचं शिक्षण कुठं घ्यायचं, हा प्रश्न घरात जवळजवळ सुटलेलाच होता. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकानं, आणि बंगळूरला अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. गुण कमी पडले नव्हते. अर्जदार मुलगी आहे, एवढंच कारण होतं. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळवलेले. वडिलांनी आणि काकांनी गळ घातली, उपयोग झाला नाही. कमला गप्प बसल्या नाहीत. त्या थेट रामन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हटायचं नाही, असा सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं. आपल्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

त्यांनी अटी मान्य केल्या. त्यातला अपमान मात्र त्या म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत. रामन यांच्या विज्ञानाबद्दल आदर ठेवूनही त्यांच्या या वागण्याबद्दल त्या स्पष्ट बोलत. बंगळूरला त्यांना मार्गदर्शक भेटले एम. श्रीनिवासय्या, शिस्तीचे आणि मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलांनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. १९३६ मध्ये कमला उत्तम श्रेणीत एम.एस्सी. झाल्या.

पुढे काय, हा प्रश्न मग आला. देशात जीवरसायनशास्त्राचं वरचं संशोधन करण्याच्या सोयी फार थोड्या होत्या. स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती आणि सर मंगलदास नथुभाई परदेश शिष्यवृत्ती अशा दोन शिष्यवृत्त्या त्यांना मिळाल्या, म्हणजे पैशाचा अडसर दूर झाला. पण शिष्यवृत्तीला मुदत असते आणि परक्या देशात कामाला जागा मिळेलच याची हमी नसते. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोहोचल्या. त्यांना काम करायचं होतं सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले ते हॉपकिन्स. आहारातल्या प्रथिनांवर काम केलेल्या मुलीला याहून जवळचं ठिकाण नव्हतं.

प्रयोगशाळा मात्र भरलेली होती. तेव्हा डेरेक रिख्टर या संशोधकानं आपलं टेबल देऊ केलं. दिवसा त्यावर कमलांनी काम करायचं, रात्री ते त्यांना झोपायला लागे! रिख्टर दुसरीकडे गेल्यावर कमला रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. बटाट्यापासून सुरुवात झाली आणि त्यातून हाती लागलं वनस्पतींमधलं सायटोक्रोम-सी.

हे काय प्रकरण आहे? आपण खाल्लेल्या अन्नातून पेशी ऊर्जा काढते, ती टप्प्याटप्प्यानं. या साखळीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी ते ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. सायटोक्रोम-सी हे लोह असलेलं छोटं प्रथिन या साखळीतला एक हमाल आहे. प्राण्यांच्या पेशींत ते माहीत होतं. वनस्पतीही त्याच वाटेनं श्वसन करतात, हे कमलांच्या कामातून पुढे आलं. अवघ्या १४ महिन्यांत काम पूर्ण झालं. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात केंब्रिजची ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आता दुसरा निर्णय, कदाचित पहिल्यापेक्षा अवघड. अमेरिकेतल्या औषध कंपन्यांकडून नोकरीची बोलावणी आली होती. पगार, साधनं, सहकारी सगळं तिकडे होतं. इकडे स्वातंत्र्याची चळवळ होती आणि आपलं ज्ञान आपल्या देशाच्या कामी यावं ही ओढ. कमला १९३९ मध्येच परतल्या.

परतीची वाट काही फुलांची नव्हती. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सांभाळला. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केलं. हीच संस्था पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिथं पुढं जायला वाव दिसेना, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. संस्थेचं संचालकपद त्यांना मिळालं, पण बऱ्याच उशिरा.

काम मात्र थांबलं नाही. कडधान्यांत ट्रिप्सिनला रोखणारे घटक असतात. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. ते अडलं, की खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही. उष्णतेनं हे अडथळे बहुतांशी मोडतात, म्हणून डाळ आणि उसळ नीट शिजवून खायची. सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा घटकांचा बारकाईनं अभ्यास केला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवरही दीर्घकाळ काम केलं. ताडाचा ताजा, न आंबलेला रस आणि त्याचा गूळ यांतून जीवनसत्त्वं आणि लोह मिळतं, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याचा उपयोग होतो, हे त्यांनी दाखवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पिंपळनेरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यांवर पोषणाचा प्रश्न काय असतो, हे साक्रीकरांना वेगळं सांगायला नको. केंब्रिजमध्ये घासलेली बुद्धी त्यांनी अशा पाड्यांसाठी वापरली.

निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत राहून अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्या लोकांना सांगत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं.

आज खान्देशातली मुलंमुलीही परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. अनुसूचित जाती आणि जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या अशा योजना आहेत. अर्जापूर्वी कमलाबाईंच्या आयुष्याकडे पाहिलं तर विचारायचे प्रश्न सापडतात. आपला विषय पक्का झाला आहे का? त्या विषयाचा जाणता मार्गदर्शक तिथं आहे का? शिष्यवृत्तीची मुदत कामाला पुरेल का? आणि शिकून आल्यावर ते ज्ञान कुणाच्या ताटात पडणार आहे? कमलाबाईंच्या बाबतीत ते मटकीच्या उसळीपर्यंत पोहोचलं.