सायकलच्या दुकानातून आकाशात

पावसच्या बाजारात माझ्या वडिलांचे सायकल-दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. प्रथम वर्षाचा प्रवेश-अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ असे लिहिले. ‘सायकल दुरुस्ती’ लिहायला हात धजला नाही. पुढे ग्रंथालयात ऑर्व्हिल राइट यांचे चरित्र वाचले आणि त्या रकान्याची मला लाज वाटू लागली.

ऑर्व्हिल यांचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेतील डेटन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. आईचा हात हत्यारांवर चांगला बसलेला; मुलांची खेळणी ती स्वतः बनवी. १८७८ साली वडिलांनी रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे घरी आणले. ऑर्व्हिल आणि त्यांचे वडीलबंधू विल्बर यांना उड्डाणाची ओढ लागली ती तेव्हापासून. दोघांपैकी एकालाही शाळेचे अखेरचे प्रमाणपत्र मिळाले नाही. ऑर्व्हिल यांनी शाळा सोडून छापखाना काढला.

१८९२ साली दोघांनी सायकली घेतल्या. विल्बर रमतगमत फिरत. ऑर्व्हिल मात्र शर्यतीत उतरत आणि पदके मिळवत. त्याच वर्षी त्यांनी सायकलचे दुकान थाटले आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले.

सायकल आपण होऊन उभी राहत नाही. चालविणाऱ्याने क्षणोक्षणी तोल सांभाळावा लागतो. विमानाचेही तसेच असणार, हे या बंधूंनी ओळखले. १८९९ मध्ये ट्यूबचा रिकामा खोका हातात पिळताना विल्बर यांना पंख पिळून तोल साधण्याची युक्ती सुचली. असे कितीतरी खोके मी केरात टाकले आहेत!

१९०१ साली त्यांचे इंजिनाविना तरंगणारे विमान अपेक्षेइतके उचलले गेले नाही. तेव्हा छापील कोष्टकांवर विसंबून न राहता त्यांनी सायकलच्या हँडलपुढे आडवे चाक बसवून वाऱ्याचा जोर मोजला. मग सहा फूट लांबीची हवेची पेटी बनवून सुमारे २०० छोटे पंख तपासले. त्यातील तराजू करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या स्पोकच्या तारा यांचे होते. माझ्या मते ऑर्व्हिल खरे शास्त्रज्ञ ठरतात ते इथे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल इंजिनाच्या विमानात पालथे झोपले आणि उडाले. इंजिनाची शक्ती पंख्यांपर्यंत नेणारी साखळी सायकलच्या चेनसारखीच होती. उड्डाण १२ सेकंदांचे, अंतर १२० फूट. एवढ्या वेळात आमच्या दुकानात एका ट्यूबमध्ये हवाही भरून होत नाही.

यशाबरोबर दुःखही आले. १९०८ मध्ये त्यांचे विमान कोसळून सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज मृत्यू पावले. ऑर्व्हिल यांची मांडी व बरगड्या मोडल्या. शिक्षिका असलेल्या भगिनी कॅथरीन यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा उडाले. १९१२ साली विल्बर विषमज्वराने गेले. ऑर्व्हिल मागे राहिले ते ३० जानेवारी १९४८ पर्यंत. महात्माजींची हत्या झाली तो हाच दिवस.

ऑर्व्हिल अंतराळात गेले नाहीत. पण १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, तेव्हा राइट बंधूंच्या त्या पहिल्या विमानाचे कापड आणि लाकडाचा तुकडा त्यांनी सोबत नेला होता.

ऑर्व्हिल यांच्याजवळ पदवी नव्हती, म्हणून आपणही शिकू नये असा याचा अर्थ नव्हे. उड्डाणाविषयी मिळेल ते त्या बंधूंनी वाचले होते. मात्र वाचलेले त्यांनी हाताने पडताळून पाहिले. पुस्तक आणि पान्हा यांचे वैर नाही, एवढे मी त्यांच्याकडून शिकलो.

यंदा द्वितीय वर्षाचा अर्ज भरताना त्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरांत लिहिले : सायकल दुरुस्ती.