सेवाग्रामच्या कुटीतून जगाशी संवाद

देश पारतंत्र्यात. स्वतःचे परराष्ट्र खाते नाही, परदेशांत वकिलाती नाहीत आणि सैन्यावर अधिकार नाही. तरीही वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरील एका खेड्यातून हिटलर, रूझवेल्ट आणि च्यांग कै-शेक यांच्या नावे पत्रे लिहिली जात होती. मोहनदास करमचंद गांधी यांचे स्वातंत्र्यलढ्यातील कार्य सर्वज्ञात आहे. मात्र राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारात माणसाच्या हक्कांना कोणते स्थान असावे, या प्रश्नाशी त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ दिलेली झुंज तुलनेने कमी चर्चिली गेली आहे. या झुंजीतील महत्त्वाचा कालखंड वर्धा जिल्ह्यात व्यतीत झाला.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेले आणि लंडनमध्ये बॅरिस्टर झालेले गांधी १८९३ मध्ये एका दाव्याच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे उसाच्या मळ्यांत आणि खाणींत राबण्यासाठी भारतातून गिरमिटिया मजूर नेले जात. करार संपल्यानंतर त्यांनी तेथे स्थायिक होऊ नये, म्हणून नाताळ सरकारने त्यांच्यावर तीन पौंडांचा वार्षिक कर बसविला. १९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने आशियाई लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती करणारा वटहुकूम आणला. त्याविरुद्ध गांधीजी शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले. ब्रिटिश सरकारने वटहुकुमाला संमती नाकारली आणि शिष्टाई यशस्वी झाल्याचे चित्र निर्माण झाले. प्रत्यक्षात जानेवारी १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वायत्तता मिळाली आणि काही आठवड्यांतच तोच कायदा तेथील विधिमंडळाने मंजूर केला. लंडनने या वेळी हरकत घेतली नाही. नैतिक जबाबदारी टाळण्यासाठी अधिकारक्षेत्राची सबब कशी पुढे केली जाते, याचा हा पहिला धडा होता.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारतातून दिलेली साथ याच कारणाने मोलाची ठरली. नाताळला गिरमिटिया मजूर पाठविणे थांबवावे, असा ठराव त्यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला व १९११ मध्ये ती भरती बंद झाली. १९१२ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दौराही केला. पुढच्या वर्षी कर रद्द करण्यासाठी निघालेल्या मोर्चावर दडपशाही झाली, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी मद्रास येथील भाषणात दक्षिण आफ्रिका सरकारवर जाहीर टीका केली. साम्राज्याच्या एका प्रतिनिधीने त्याच साम्राज्यातील अधिराज्याला दोष द्यावा, ही घटना असाधारण होती. १९१४ मध्ये जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड होऊन कर रद्द झाला आणि भारतीय पद्धतीच्या विवाहांना मान्यता मिळाली. मात्र हा लढा भारतीयांपुरताच मर्यादित होता. मूळ आफ्रिकी जनतेच्या हक्कांचा समावेश त्यात नव्हता आणि तिच्याविषयीच्या गांधीजींच्या सुरुवातीच्या लेखनावर अभ्यासकांनी कठोर टीका केली आहे.

वर्ध्याचे वास्तव्य

स्वराज्य मिळाल्याखेरीज साबरमतीला परतणार नाही, असा निर्धार करून गांधीजी १९३० मध्ये दांडीला निघाले होते. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे त्यांनी पुढे वर्धा हे कार्यक्षेत्र निवडले. प्रारंभी मगनवाडीत मुक्काम केल्यानंतर एप्रिल १९३६ मध्ये ते शेगाव या खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्य असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. गांधीजींच्या सोयीसाठी काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्यात भरू लागल्या आणि देशाच्या परराष्ट्रविषयक भूमिकांची चर्चाही तेथेच होऊ लागली.

याच काळात जपानने चीनवर आक्रमण केले. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला रवाना केले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे होते. पारतंत्र्यातील एका देशाने आक्रमणग्रस्त देशाला केलेली ही मदत होती आणि सरकारी परराष्ट्र धोरणाशी तिचा काही संबंध नव्हता.

वादग्रस्त सल्ला

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे उद्ध्वस्त करण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच गांधीजींनी शेगावहून ‘हरिजन’साठी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. ज्यूंच्या छळाची तुलना त्यांनी भारतातील अस्पृश्यतेशी केली आणि इतिहासात या छळाला तोड नसल्याचे स्पष्ट केले. त्याचबरोबर पॅलेस्टाइन अरबांवर लादले जाऊ नये, अशी भूमिका घेतली आणि जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा मार्ग सुचविला. दक्षिण आफ्रिकेतील त्यांचे निकटचे मित्र हर्मन कॅलनबाख हे स्वतः ज्यू होते. तरीही सल्ल्याची धार कमी झाली नाही.

या लेखाचे तीव्र पडसाद उमटले. तत्त्वचिंतक मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये जेरुसलेमहून गांधीजींना उद्देशून विस्तृत पत्र लिहिले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा लढा जग पाहत होते, त्यांच्या पाठीशी मायदेश उभा होता. छळछावणीत गुपचूप मारल्या जाणाऱ्या माणसाच्या सत्याग्रहाला साक्षीदार कोण, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. या पत्राला गांधीजींनी दिलेले उत्तर उपलब्ध नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत युरोपात सुमारे साठ लाख ज्यूंची हत्या झाली. या पार्श्वभूमीवर गांधीजींचा सल्ला आजही अनेकांना अस्वस्थ करतो आणि त्यांच्या चरित्रात तो टाळून पुढे जाता येत नाही.

जुलै १९३९ मध्ये त्यांनी हिटलरला छोटेखानी पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली. त्यावर पत्ता वर्ध्याचाच होता. डिसेंबर १९४० मधील दुसऱ्या पत्रात पोलंड, डेन्मार्क यांसारख्या देशांवरील आक्रमणांचा निषेध होता आणि ब्रिटिश साम्राज्यशाहीचाही निषेध होता. ब्रिटिश सरकारने ही दोन्ही पत्रे पुढे जाऊ दिली नाहीत.

जून-जुलै १९४२

ब्रिटिशांनी भारत सोडावा, ही मागणी गांधीजींनी १९४२ मध्ये पुढे केली तेव्हा जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या. इंग्रज निघून गेले, तर जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनचे काय, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. त्यांच्याशी झालेल्या चर्चेतही हा मुद्दा निघाला.

गांधीजींनी आपल्या मूळ मागणीत बदल केला. १४ जून रोजी च्यांग कै-शेक यांना आणि १ जुलै रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रांत, स्वतंत्र भारताशी करार करून दोस्तराष्ट्रांच्या फौजा येथे राहण्यास हरकत नाही, असे त्यांनी कळविले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने परकीय सैन्याचा तळ मान्य करणे ही मोठी तडजोड होती आणि चीनच्या स्वातंत्र्यासाठी ती केली गेली. रूझवेल्ट यांना त्यांनी आणखी एका गोष्टीची जाणीव करून दिली. भारत आणि आफ्रिका परतंत्र असताना आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांना समान हक्क नसताना लोकशाहीसाठी लढत असल्याचा दावा पोकळ ठरतो, हे त्यांनी सौम्य शब्दांत सुनावले. १८ जुलै रोजी जपानी जनतेसाठी लिहिलेल्या निवेदनात चीनवरील अत्याचारांचा निषेध करून, ब्रिटिशविरोधामुळे भारत जपानचे स्वागत करील या भ्रमात राहू नये, असा इशारा त्यांनी दिला.

१४ जुलै रोजी वर्ध्यात कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपविण्याची मागणी करणारा ठराव केला. ९ ऑगस्टला मुंबईत गांधीजींना अटक झाली. रूझवेल्ट यांचे उत्तर आले, तेव्हा ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. त्या बंदिवासात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा या दोघांचाही मृत्यू झाला. मे १९४४ मध्ये गांधीजींची सुटका झाली.

संयुक्त राष्ट्रांपुढे दाद

१९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने भारतीयांच्या जमीन खरेदीवर आणि वास्तव्यावर नवी बंधने आणली. भारत सरकारने त्या देशाशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेला. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने बाजू मांडली; समोर होते तेच जनरल स्मट्स. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, हा त्यांचा बचाव आमसभेने मान्य केला नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे आवश्यक दोन तृतीयांश बहुमताने ठराव संमत झाला. एखादे सरकार आपल्या प्रजेला कसे वागविते, याची विचारणा इतर देश करू शकतात, हे तत्त्व त्या मतदानाने पुढे आले. १९०७ मध्ये लंडनने वापरलेली सबब ३९ वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये टिकली नाही. ठरावाने दक्षिण आफ्रिकेतील कायदे मात्र बदलले नाहीत. वंशभेदी राजवट संपण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

मानवी हक्कांच्या सनदेची तयारी सुरू असताना युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सले यांनी गांधीजींचे मत मागविले. मे १९४७ मधील उत्तरात गांधीजींनी कर्तव्यपालनातून न मिळालेला हक्क टिकत नाही, अशी भूमिका मांडली. जानेवारी १९४८ मधील अखेरच्या उपोषणाच्या काळातच भारत सरकारने पाकिस्तानला देय असलेले ५५ कोटी रुपये देण्याचा निर्णय घेतला. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारण्यात आला. सर्व पुरुषांऐवजी सर्व मानव असा शब्दप्रयोग त्यात यावा, यासाठी भारताच्या हंसा मेहता यांनी आग्रह धरला होता.

ऑगस्ट १९४६ मध्ये दिल्लीला जाण्यासाठी गांधीजींनी सेवाग्राम सोडले, त्यानंतर ते येथे परतू शकले नाहीत. डिसेंबर १९४९ मध्ये विविध देशांतील शांततावादी कार्यकर्त्यांची परिषद शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे झाली. ज्या कुटीतून जगाच्या सत्ताधीशांना पत्रे गेली, ती माती, बांबू आणि कौलांची वास्तू प्रतिनिधींना तेथे पाहावयास मिळाली. बापू कुटी या नावाने ती आजही जतन केलेली आहे.