थोर गणिती ब्लेझ पास्कल

फ्रान्स देशात क्लेरमाँ या गावी १९ जून १६२३ रोजी ब्लेझ पास्कलचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. वडील सरकारी अधिकारी होते. त्यांनी त्याला घरीच शिकवले. आधी भाषा, गणित नंतर, असे ठरवून त्यांनी गणिताची पुस्तके कुलपात ठेवली. तर हा कोळशाने जमिनीवर आकृत्या काढायचा! आपण काढल्या तर घरचे ओरडतात. पण त्याचे वडील खूश झाले आणि त्यांनी त्याला भूमितीचे पुस्तक दिले.

पुढे वडिलांना करवसुलीचे फार हिशोब करावे लागत. म्हणून १६४२ साली पास्कलने बेरजेचे यंत्र बनवायला घेतले. त्यात हातचा आपोआप पुढे जायचा.

त्या काळी तिथले श्रीमंत लोक पैसे लावून खेळत. जुगार वाईटच. पण एका सरदाराने पास्कलला विचारले, की डाव मध्येच मोडला तर पैसे कसे वाटायचे? आमच्यात घंटा झाली की गोट्यांचा डाव मोडतो, आन् जो दांडगा तो जास्त गोट्या घेऊन पळतो. पास्कलने न्यायाने विचार केला.

समजा, दोघांनी ३२-३२ नाणी लावली. एकूण ६४. दोघे खेळात सारखेच. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ थांबला. आता झालेले डाव मोजायचे नाहीत, राहिलेले बघायचे. पुढचा डाव पहिला जिंकला तर त्याला ६४. हरला तर बरोबरी, म्हंजे निम्मी ३२. म्हणून ३२ नाणी तर कशीही त्याचीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखा हक्क, म्हणून १६-१६. पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६.

हे गणित पास्कलने १६५४ साली तूलूझच्या फर्मा नावाच्या गणितज्ञाला पत्राने कळवले. फर्माची रीत निराळी. आणखी दोन डाव खेळले तर निकाल चार तऱ्हांनी लागेल. त्यातल्या तीन तऱ्हांत पहिला जिंकतो, एकीत दुसरा. ६४ चे चार भाग करा, तीन पहिल्याला द्या. उत्तर तेच, ४८! मला फर्माची रीत सोपी वाटते. या पत्रांतून संभाव्यतेचे गणित वाढले. पहिल्याला खरी किती नाणी मिळतील ते नशिबावर असते. अशा बदलत्या संख्येला मोठ्या वर्गात यादृच्छिक चल म्हणतात. नाव अवघड आहे.

१६६२ साली पास्कलच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये सार्वजनिक घोडागाड्या सुरू झाल्या. त्या रिकाम्या असल्या तरी वेळेवर सुटत. आमच्याकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्याच वर्षी १९ ऑगस्टला पास्कल वारला. तेव्हा तो अवघा ३९ वर्षांचा होता.