‘कॅश’ नावाचा दुकानदार

ऋण काढून सण करू नये, हा उपदेश सर्वच समाजांत ऐकू येतो. अमेरिकेत या उपदेशावर दुकानांची प्रचंड साखळी उभी करणारा एक माणूस होऊन गेला. त्याच्याच हयातीत त्याच दुकानांत उधारीने प्रवेश केला, ही त्याच्या चरित्रातील विलक्षण गोष्ट होय. जेम्स कॅश पेनी हे त्याचे नाव. ‘कॅश’ म्हणजे रोकड, हे त्याचे मधले नाव वडिलांकडून आलेले होते.

पेनी यांचा जन्म १८७५ साली मिसुरी राज्यातील हॅमिल्टन गावाजवळ झाला. वडील शेती करीत आणि विनावेतन धर्मोपदेश करीत. आठव्या वर्षीच मुलाला स्वतःच्या कपड्यांचा खर्च स्वतः भागविण्यास सांगण्यात आले. त्यासाठी त्याने डुकरे पाळली. परंतु शेजाऱ्यांना दुर्गंधीचा त्रास होतो म्हणून वडिलांनी ती विकावयास लावली. पुढे गावातील कापड दुकानात अत्यल्प पगारावर नोकरी, प्रकृतीसाठी कोलोरॅडोत स्थलांतर आणि तेथे खाटकाच्या दुकानात आलेले अपयश असा त्यांचा प्रवास झाला.

१९०२ साली वायोमिंगमधील केमरर या गावी त्यांनी भागीदारीत ‘गोल्डन रूल’ नावाचे दुकान उघडले. गाव कोळशाच्या खाणींचे. खाणकामगार कंपनीच्या दुकानातून उधारीवर माल घेत आणि पगाराच्या दिवशी ती रक्कम कापून घेतली जाई. पगार हाती येण्यापूर्वीच संपलेला असे आणि कामगार त्या दुकानाला, पर्यायाने मालकाला, बांधलेला राही. अशा गावात रोखीचे दुकान चालणार नाही, असे जाणत्यांचे मत होते. पेनी पतीपत्नी दुकानावरील माळ्यावर राहत. रिकामी खोकी हेच त्यांचे फर्निचर. तरीही पहिल्याच दिवशी ४६६ डॉलर ५९ सेंटची विक्री झाली.

या यशामागे साधे गणित होते. उधारी बुडण्याचा धोका नाही, वसुलीचा खर्च नाही. म्हणून भाव कमी. उधारीच्या दुकानात प्रामाणिक गिऱ्हाईक दुसऱ्याच्या बुडीत खात्याचा भार नकळत उचलीत असते. तो भार पेनी यांनी काढून टाकला. १९१३ साली त्यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली आणि १९२४ साली पाचशेवे दुकान हॅमिल्टनमध्येच उघडले.

परंतु या रोखीच्या पुरस्कर्त्याचे स्वतःचे आयुष्य कर्जापासून अलिप्त नव्हते. केमररच्या दुकानातील त्यांच्या वाट्याचे २००० डॉलर उभे करताना १५०० त्यांनी कर्जाऊ घेतले होते. पुढे दानधर्म आणि अन्य उद्योगांसाठी त्यांनी कंपनीचे शेअर गहाण टाकले. १९२९ साली शेअरबाजार कोसळला आणि त्यांची सारी संपत्ती गेली. मन आणि शरीर खचून त्यांना मिशिगनमधील आरोग्यधामात राहावे लागले. एका कर्जाने त्यांना उभे केले होते, दुसऱ्याने आडवे केले.

दरम्यान देश बदलत होता. जनरल मोटर्सने १९१९ सालीच मोटारखरेदीसाठी कर्जपुरवठ्याची वेगळी कंपनी काढली होती. हप्त्याने मोटार, मग शीतकपाट, मग घरातील सारेच, अशी रीत रुजली. १९५८ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे साठ हजार क्रेडिट कार्डे घरोघर टपालाने पाठविली. त्याच वर्षी पेनी कंपनीनेही उधारी सुरू केली. संस्थापकाला हा बदल रुचला नव्हता. परंतु काळ त्यांच्या बाजूने नव्हता. १९७१ साली, ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २०२० साली तर कर्जाच्या ओझ्याखाली खुद्द कंपनीलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

या चरित्रातून उधारी सर्वथा वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. दीड हजारांचे ते कर्ज नसते, तर पेनी आयुष्यभर नोकरच राहिले असते. मात्र साधन उभे करणारे कर्ज आणि उद्याचा पगार आजच खाणारे कर्ज यांत मोठे अंतर आहे. कार्ड स्वीकारण्याबद्दल दुकानदाराला द्यावी लागणारी रक्कम शेवटी वस्तूच्या किमतीत मिसळते आणि रोख देणाराही ती भरतो. केमररच्या खाणकामगाराला आपले कर्ज निदान कंपनीच्या वहीत दिसत होते. आजच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या उधारीचा हा भार दिसतही नाही. तो उघड करून दाखविणे एवढे तरी व्यापाराकडून अपेक्षिण्यास हरकत नसावी.